गाऱ्हाण्यातली पहिली ओळ परत आणा : गावच्या मानकऱ्यांना आणि मुंबई मंडळाला खुलं पत्र

गावचे मानकरी, घाडी, गुरव, देवस्थान कमिटीची मंडळी आणि मुंबई मंडळाचे पदाधिकारी,

सर्वांना सादर नमस्कार.

आपल्या देवळात आणि चतुर्थीला घराघरांत जे गाऱ्हाणं घातलं जातं, त्यातल्या 'आधी बुद्धी दे' या एका ओळीविषयी हे पत्र आहे. माझ्या लहानपणी ती ओळ पहिली होती. पुढे ती मधे सरकली, मग शेवटी गेली. गेली दोन-तीन वर्षं मी कान देऊन ऐकते आहे, आता ती कुठेच येत नाही. ती परत यावी आणि पहिली यावी, एवढीच माझी मागणी आहे. मानकऱ्यांच्या बैठकीत बायकांनी उठून बोलायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून लिहिते. आणि खुलं लिहिते, कारण हे दुखणं आपल्या एकट्या गावाचं नाही. तालुक्यात तीस वर्षं शाळेत शिकवलं, अनेक गावांच्या जत्रा-चतुर्थ्या पाहिल्या. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच झालं आहे.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्या सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात पेडणे-सत्तरीपर्यंत गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने घातलेलं साकडं. एक जाणता माणूस, देवळात बहुधा घाडी, नारळ आणि विडा ठेवून, हात जोडून बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्याला पोथी नाही, संस्कृत नाही. रवळनाथ असो की सातेरी, देवाशी घरच्या मालवणीतच बोलायचं आणि त्याला 'तू'च म्हणायचं. ते कुठे लिहिलेलं नसतं. बापाचं ऐकून मुलगा शिकतो आणि आपल्या पदरचं चार शब्दांनी वाढवतो. म्हणून गाऱ्हाणं जिवंत राहिलं. आणि म्हणूनच गावाच्या मनात जे असेल ते त्यात आपोआप उतरतं. गावाचं मन कुठे चाललं आहे हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने गाऱ्हाणं ऐकावं.

आमच्या वाडीत माझ्या वडिलांचे चुलते गाऱ्हाणं घालायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. चौथी शिकलेला, नांगर धरणारा माणूस. आवाज मात्र असा की पडवीत उभे राहिले तर व्हाळापलीकडे, ओढ्यापार, ऐकू जाई. त्यांची सुरुवात मला पाठ आहे :

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. पयली त्येंका बुद्धी दी रे म्हाराजा! बरा-वायट कळूची बुद्धी दी. एकामेकाक धरून ऱ्हवाची बुद्धी दी. दुसऱ्याच्या ताटात बघूची नजर आसात, ती काढून घे रे म्हाराजा! बुद्धी दिलंस तर बाकीचा आमी मेळवतलंव!"

आणि मग पुढे सगळं यायचं. मुंबईला पोटासाठी गेलेले, शेतात राबणारे, गाभण गुरं, आजारी माणसं, लग्नाच्या मुली, पाऊसपाणी, भातावरची कीड. आबांनी देवाकडे कमी मागितलं असं मुळीच नाही. भरपूर मागितलं. पण बुद्धी आधी. तिथे ते थांबायचे, सगळ्यांचा "व्हय म्हाराजा" पुरता झाल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. एकदा पोरांनी नुसतंच पुटपुटल्यासारखं केलं, तर वळून म्हणाले, "मोठ्यान म्हणा. देवाक आयकाक येता, शेजाऱ्याक आयकाक येवंक व्हया." देवाला ऐकू येतंच, शेजाऱ्याला ऐकू जायला हवं.

१९८२ सालची चतुर्थी मला विसरता येत नाही. १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि त्यांत आमच्या जिल्ह्याच्या घराघरातले होते. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि पाळीपाळीने झोपायला जागा. ती ट्रंक घेऊनच ते गावी परतले. चतुर्थीपर्यंत संपाला सात महिने झाले होते. घरात हात बरेच आणि पेज पातळ. त्या दिवशी मूळ घराच्या माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आबा आता काय मागतात, संप मिटू दे म्हणतात की गिरणी चालू होऊ दे म्हणतात, याकडे सगळ्यांचे कान.

आबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या दिवसांत आमचो पाय घसराक देव नको. दारवेच्या गुत्त्याकडे पावला वळाक देव नको. घरच्या बायलेवर हात उठाक देव नको. भावान भावाक ओझा म्हणाक देव नको रे म्हाराजा!"

आमच्याकडे बायका मागे दाराशी उभ्या असतात. "व्हय म्हाराजा" पुरुष म्हणतात, बायका हात जोडून ऐकतात. त्या दिवशी "बायलेवर हात उठाक देव नको" या वाक्याला मागून आवाज आला. पहिला माझ्या आईचा. मग माझ्या काकीचा, मग सगळ्यांचा. पुरुषांनी माना वळवल्या. आबा थांबले आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा म्हटली.

संप मिटला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. वडिलांची गिरणी पुन्हा त्यांना दिसली नाही. वाडीतले दोघेतिघे तरीही दारूला लागले, हे मी लपवणार नाही. पण त्या पावसाळ्यात एकाही घरात परत आलेल्या भावाला जेवणावरून बोललं गेलं नाही, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वडिलांनी आबांच्या बैलजोडीवर दोन वर्षं शेत केलं आणि आगराच्या, म्हणजे घरालगतच्या बागेच्या, टोकाला दोन खोल्या बांधल्या. त्या खोल्यांतच बसून मी हे लिहिते आहे.

आता त्याच मूळ घराविषयी लिहायचं आहे. ते लिहिताना हात जड होतो, पण त्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. चिपीचा विमानतळ २०२१ साली. मधल्या काळात आपल्या जमिनींचं काय झालं ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ज्या सातबाऱ्यावर चाळीस नावं आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्या जमिनीला एकाएकी भाव आला. माझ्या दोन चुलतभावांच्या घरांत आगरातल्या सव्वादोन गुंठ्यांवरून आणि विहिरीच्या वाटेवरून दिवाणी दावा उभा राहिला. मी त्या दोघांनाही राखी बांधते. दोघांनीही मला कधी अंतर दिलं नाही. पण एकमेकांशी बोलणं गेलं, मग मुलांचं बोलणं गेलं, मग माजघरात मधोमध चिऱ्याची भिंत आली. ज्या माजघरात १९८२ साली आमची सगळी भावकी दाटीने उभी होती, त्याचे दोन भाग झाले. एका गणपतीचे दोन गणपती झाले. गणपतीवर सजवून टांगतात त्या एका माटवीच्या दोन माटव्या झाल्या.

गेल्या चतुर्थीला मी अलीकडच्या बाजूला होते. इथे गाऱ्हाणं चालू होतं आणि भिंतीपलीकडे तिथेही. भिंत एकपदरी, वर कौलांपर्यंत पोचलेलीही नाही, आवाज आरपार येतो. दोन्हीकडे आधी देणगी आणि नवसाची नावं झाली. कुणाच्या फ्लॅटचं काम, कुणाचा परदेशी जाण्याचा कागद, कुणाची बढती. मग इकडून आलं, "कोर्टाच्या कामात यश दी रे म्हाराजा!" आणि पलीकडूनही शब्दाला शब्द तेच आलं, "कोर्टाच्या कामात यश दी रे म्हाराजा!" आमच्याकडचा पाच वर्षांचा नातू, त्याला कोण आपलं आणि कोण पलीकडचं हे कळायचं वय नाही, तो पलीकडचा आवाज ऐकून मोठ्याने ओरडला, "व्हय म्हाराजा!" त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

त्या मुलाच्या तोंडावरचा तो हात मला अजून दिसतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. देवाने कुणाचं ऐकायचं? दोन्ही लेकरं त्याचीच, दोन्ही नारळ त्याच्याच पायाशी. एकाला यश दिलं तर दुसऱ्याचा नारळ फुकट गेला. त्या दोघांनाही हवं असलेलं आणि दोघांनाही एकाच वेळी देता येण्यासारखं एकच मागणं होतं, आणि तेच कुणी मागितलं नाही.

मंडळी, सव्वादोन गुंठे दोघांत वाटता येतात किंवा एकाला देता येतात, दोघांना पुरे मिळत नाहीत. पैसा, जागा, मान, बढती, सगळ्याचं असंच. मला मिळालं की तेवढं दुसऱ्याचं कमी होतं. शहाणपणाचं तसं नाही. माझ्या भावाला आली म्हणून मला बुद्धी कमी पडत नाही, उलट त्याला आली तर माझं जगणं सोपं होतं. सगळ्या वाडीने एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणावं असं मागणं हेच आहे. बाकीच्या प्रत्येक मागण्याला कुणी ना कुणी मनातल्या मनात "नको म्हाराजा" म्हणत असतो.

हे काही मी नवीन सांगत नाही. पसायदान आपल्या शाळेत रोज परिपाठात म्हटलं जायचं, तुमच्यापैकी निम्म्यांनी ते माझ्यापुढेच उभं राहून म्हटलं आहे. शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या या नऊ ओव्या. एवढा मोठा ग्रंथ सांगून झाल्यावर दान मागायची वेळ आली, तेव्हा ज्ञानदेवांनी काय मागितलं ते अर्थासकट शिकवत असताना एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्यात 'जो जे वांछील तो ते लाहो' असंही आहे. ज्याला जे हवं ते मिळो! मला पूर्वी वाटायचं, हे कसं काय? दरोडेखोराला हवं ते मिळालं तर? पण ते तिसऱ्या ओवीत, तेही तिच्या शेवटी आहे. त्याच्या आधी दुसऱ्या ओवीत 'जे खळांची व्यंकटी सांडो' येऊन गेलेलं आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्टाचा वाकडेपणा जाऊ दे, त्याला चांगल्या कामाची गोडी लागू दे, जीवाजीवांत मैत्री होऊ दे, मनातला अंधार जाऊ दे. एवढं झाल्यावर मग ज्याला जे हवं ते खुशाल मिळू दे, कारण आता वाकडं काही तो मागणारच नाही. क्रम बघा. ज्ञानदेवांचा क्रम आणि आबांचा क्रम एकच आहे. आबांनी ज्ञानेश्वरी वाचली नव्हती, त्यांना वाचता जेमतेम यायचं. पण वारकरी भजनांतून आणि माजघरातल्या बायकांच्या ओव्यांतून ते शहाणपण इथपर्यंत झिरपत आलं होतं.

आणि तेव्हा ज्ञानदेवांना खळ काय असतो ते माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. संन्याशाची पोरं म्हणून त्या भावंडांना वाळीत टाकलं होतं. त्यांनी खळाचा नाश मागितला असता तर कुणी नावं ठेवली नसती.

आपल्या घरात तिन्हीसांजेला दिव्यापुढे जे 'शुभंकरोति' म्हणतात, त्यातही आरोग्य आणि धनसंपदा मागितलेली आहे. मागावीच. पण लगेच पुढचा शब्द आहे 'शत्रुबुद्धिविनाशाय'. माझी आजी त्याचा अर्थ तिच्या परीने सांगायची. ती म्हणायची, शत्रूचा नाश असं नाही गो म्हटलेलं, शत्रुबुद्धीचा म्हटलंय. पलीकडच्याच्या डोक्यातली माझ्याविषयीची वाईट बुद्धी जावी आणि माझ्या डोक्यातली त्याच्याविषयीचीही. मी पुढे संस्कृत जाणणाऱ्या एका सहकारी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, समासाचे दोन्ही अर्थ निघतात. आजीला समास माहीत नव्हता. तुळशीकडे पणती ठेवून ती शेवटी आपल्या शब्दांत म्हणायची, "देवा, सगळ्यांका बरी बुद्धी दी, त्येतूर माका पयली दी." त्यात मला आधी दे.

आबांच्या गाऱ्हाण्यातली आणखी एक ओळ बदलली आहे, ती मला जास्त टोचते. आज आपण म्हणतो, आमचं कुणी वाकडं-नाकडं केलं असेल, चिंतलं असेल, तर त्याचं त्याच्यावर परतव. मग तेच मनात घेऊन माणसं कौल लावायला, म्हणजे देवाला पाकळ्या लावून त्याचं उत्तर घ्यायला बसतात आणि विचारतात, कुणी केलं? मूल आजारी, कुणी केलं? म्हैस आटली, कुणी केलं? पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे यावर एकेका घराचा संशय ठरतो आणि तो संशय दोन पिढ्या पुसला जात नाही. आबा म्हणायचे ते असं : "आमच्याकडसून कोणाचा वाकडा झाला आसात, तर ता आमका दाखव रे म्हाराजा!" आमच्या हातून कुणाचं वाकडं झालं असेल तर ते आम्हाला दाखव. शब्द जवळजवळ तेच, बोट मात्र कुणाकडे वळलं ते पाहा.

मला माहीत आहे, तुमच्यातले काही म्हणतील, बाईंचं पेन्शन चालू आहे, त्यांना बुद्धी मागायला काय जातं. ज्याच्या काजूला यंदा बोंड धरलं नाही, ज्याच्या हापूसचा मोहोर अवकाळी पावसाने गळला, ज्याचा मुलगा इंजिनिअर होऊन तीन वर्षं घरी बसला आहे, त्याने काय मागायचं? त्याने पीक मागावं, नोकरी मागावी, आणि मीही त्याच्यासाठी तेच मागेन. पोटाची मागणी हलकी असते असं मी कधीच म्हणणार नाही. पेज पातळ असते तेव्हा काय वाटतं ते मी १९८२ साली बघितलं आहे. मी फक्त क्रमाविषयी बोलते आहे. आबा भरल्या पोटी बुद्धी मागत नव्हते. ते उपाशीपोटी आधी बुद्धी मागत होते, कारण टंचाईच्या दिवसांतच तिची सगळ्यात जास्त गरज पडते हे त्यांना कळलं होतं.

दुसरा प्रश्न मला एका तरुण मानकऱ्याने समोरासमोर विचारला, आणि तो प्रामाणिक प्रश्न होता. म्हणाला, "बाई, मागून बुद्धी मेळता काय?" मी त्याला त्याच्याच शाळेतली एक गोष्ट सांगितली. दहावीच्या परीक्षेआधी मुलं देवळात पेनं घेऊन जातात. गणितात कच्चा असलेला एक मुलगा देवळाच्या पायरीवर मला भेटला आणि खरोखर गोंधळून विचारू लागला, "बाई, 'पास कर' म्हणूचा, की 'अभ्यास होवंदे' म्हणूचा?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? तो बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "'पास कर' म्हटला तर मी घराक जावन निजतलंय." अभ्यास होऊ दे म्हटलं तर घरी जाऊन पुस्तक उघडावं लागेल, हे त्याला त्या पायरीवरच उमजलं. तो गणितात जेमतेम पास झाला. आज तो गावात इलेक्ट्रिकची कामं करतो आणि वायर किती लागली ते खरं सांगतो. म्हणून त्याच्याकडे कामाला रांग असते.

बुद्धी मागणं असं असतं. पैसा मागितला की आपण वाट बघत बसतो. चांगलं वागण्याची बुद्धी मागितली की मागणाऱ्यावरच काम येऊन पडतं. आणि गाऱ्हाण्यात तर ती एकट्याने मनात मागायची नसते. शेजारी, भाऊ, सून, सगळ्यांच्या कानांदेखत "व्हय" म्हणायचं असतं. तो एक प्रकारचा शब्द दिलेला असतो. आम्ही भावंडं आंब्यावरून भांडलो की आई एवढंच म्हणायची, "सकाळी देवाकडे व्हय म्हटलंस मां?" बास. आबा "शेजाऱ्याक आयकाक येवंक व्हया" का म्हणायचे, ते मला शिक्षिका झाल्यावर कळलं.

आता जे लिहिते ते मानकऱ्यांना उद्देशून आहे, आणि रागाने नाही. मानपानावरून आपल्या भागातल्या किती देवळांत शिमग्याला पोलिसांचा बंदोबस्त लागतो? पालखी आधी कुणाच्या खांद्यावर, होळीचा पहिला घाव कुणाचा, यावरून किती ठिकाणी देवच वर्षानुवर्षं बाहेर पडलेला नाही? गावकीने घरं वाळीत टाकण्याचे प्रकार रायगडपासून इतके पुढे आले, की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २०१७ च्या जुलैपासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कायदा हवाच होता, मी त्याच्या बाजूची आहे. पण कायदा फार तर वाळीत टाकणाऱ्याचा हात धरेल. शेजाऱ्याच्या घरी मयत झालं असताना आपल्या ओटीवर बसून राहणाऱ्याला उठवायचं काम कायद्याचं नाही. ते काम गाऱ्हाण्याचं होतं. ज्या देवळात माणसं वर्षाला दहा वेळा एकत्र येऊन एका आवाजात "व्हय" म्हणतात, तिथेच जर मोठेपण आणि यश सोडून काही मागितलं जात नसेल, तर मग गावाने शहाणं व्हायचं कुठे?

मुंबई मंडळालाही एक सांगायचं आहे. तुमच्या पैशावर देऊळ उभं आहे. सभामंडपाच्या फरश्या, पंखे, शेड, सगळं तुम्ही केलंत. त्याची जाण गावाला आहे आणि असावी. पण देणगीदारांची यादी गाऱ्हाण्यात आल्यापासून गाऱ्हाणं अर्ध्या तासाचं झालं आहे आणि त्यात गाव शिल्लक नाही. मागल्या जत्रेला मी मोजलं, नावं आणि त्यांच्या मागण्या होईपर्यंत पुढची मुलं "व्हय" म्हणायची थांबली होती, मोबाइल बघत होती. नावं फलकावर लावा, मोठ्या अक्षरांत लावा, पावतीबरोबर प्रसाद घरी पाठवा. देवापुढे मात्र आपण सगळे एका ओळीत राहू. लालबागच्या त्या खोलीत सगळ्यांच्या ट्रंका सारख्याच होत्या, याची आठवण तुमच्यातल्या जुन्यांना असेल.

तर माझी विनंती अशी. येत्या जत्रेच्या गाऱ्हाण्यात पहिली ओळ बुद्धीची घ्या. तिच्यापाशी थांबा, सगळा मंडप "व्हय" म्हणेपर्यंत थांबा. मागे उभ्या असलेल्या बायकांनाही म्हणू द्या. १९८२ साली माजघरात एकदा म्हटलं, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. "परतव" ऐवजी आबांचं "आमका दाखव" आणा. मग ज्याला जे मागायचं ते मागू द्या, कमी करू नका. घरच्या चतुर्थीला कोर्टाचा दावा देवापुढे न्यायचाच असेल, तर "यश दी" ऐवजी "न्याय काय ता दोघांका कळांदे" एवढं म्हणून बघा. माझ्या दोन्ही भावांना मी हे स्वतंत्रपणे, हात जोडून सांगितलं आहे. एक काही बोलला नाही. दुसरा म्हणाला, "पलीकडचो म्हणत आसात तर मी म्हणान." मी तेच वाक्य घेऊन भिंतीच्या पलीकडे गेले आहे आणि उत्तराची वाट बघते आहे.

तरुण घाडी मंडळींसाठी. आबा थकले तेव्हा, १९९४ च्या मे महिन्यात, मी त्यांच्यापुढे बसून त्यांचं सगळं गाऱ्हाणं शाळेच्या शंभरपानी वहीत उतरवून घेतलं होतं. ते झोपाळ्यावर बसून सांगायचे आणि मधेच थांबून विचारायचे, "लिवलंस?" चतुर्थीचं, जत्रेचं, पेरणीचं, नवीन घराचं, गुरं आजारी पडली तर घालायचं, अशी वेगवेगळी गाऱ्हाणी त्यात आहेत. कडा खाल्ल्या आहेत, पण अक्षर लागतं. ज्यांना हवं असेल त्यांनी या आणि उतरवून घ्या, फोटो काढला तरी चालेल. आगराच्या टोकाचं घर. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर मी पडवीतच असते.

आपली,
वाडीतली एक निवृत्त शिक्षिका